शेवटच्या रांगेतली पंगत

"आपका स्पेशल मील, सर," असं म्हणत हवाईसुंदरीने माझ्या समोरचा टेबल स्वतःच उघडला आणि त्यावर ताट ठेवलं. चंदेरी झाकणाचा डबा, शेजारी द्राक्षांची छोटी वाटी, पाव आणि लोण्याची वडी. अख्ख्या विमानात अजून कोणाच्याही समोर काही आलेलं नव्हतं. जेवणाच्या गाड्या निघायच्याच होत्या.

माझ्या शेजारी, मधल्या खुर्चीत आबा बसले होते. त्यांनी ताट पाहिलं, मग मला पाहिलं.

"तुमचंच तेवढं आलं, केळकर?"

"शाकाहारी हवं म्हणून मी आधी कळवून ठेवलं होतं. तसं कळवणाऱ्यांना ते आधी देतात."

"आणि आमचं?"

"ते गाडीवरून येईल. आपली रांग शेवटची, त्यामुळे वेळ लागेल."

"मग करा की सुरुवात. गार होईल."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "नको, आबा. सगळ्यांची पानं वाढून होऊ देत."

पलीकडे खिडकीशी माई होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि बाहेर ढगांकडे बघत राहिल्या. आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पहिला प्रश्न बरोबर आला, असं मी मनात म्हटलं.

परीक्षा होतीच ती. इंद्रायणी आणि मी पुण्यात पदार्थविज्ञानाच्या एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. ती पुढच्या संशोधनासाठी हॅम्बुर्गला गेली आणि वर्षभराने मलाही तिथेच जागा मिळाली. आम्हाला लग्न करायचं होतं. माझ्या घरी आठवडाभर अबोला झाला आणि मग होकार आला. तिच्या घरी सगळं तिच्या वडिलांपाशी, आबांपाशी अडलं होतं. आबा नाही म्हणत नव्हते. ते 'बघू' म्हणत होते, आणि इंद्रायणीच्या मते ते नाहीपेक्षा वाईट होतं.

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात आबांनी वजनकाट्यावर नोकरी केली, पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, पंगत आबा उभी करायचे. पत्रावळी कुठून मांडायच्या, भात कधी काढायचा, वाढप्यांच्या जोड्या कशा लावायच्या, हे त्यांना विचारल्याशिवाय होत नसे. माणूस पंगतीत कळतो, यावर त्यांची श्रद्धा होती. पुतणीचं ठरत आलेलं लग्न त्यांनी एकदा मोडलं होतं, कारण मुलगा जेवता जेवता पानावरून उठून फोनवर बोलायला गेला.

"माझ्या शेजारी एकदा जेवायला बसू दे त्याला," एवढंच ते इंद्रायणीला म्हणाले होते. ते आणि तिची आई, माई, तिला भेटायला निघणार होते. मीही त्याच सुमारास निघणार होतो. तिने तिघांची तिकिटं एकत्र काढली. शेवटच्या रांगेतच तीन जागा शेजारी शेजारी उरल्या होत्या.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला फोनवर शिकवणी दिली.

"आबांच्या आधी घास घ्यायचा नाही. पानात काही टाकायचं नाही. मीठ कमी आहे म्हणायचं नाही. आणि नीट ऐक, काही झालं तरी पानावरून उठायचं नाही. विमान पडायला लागलं तरी."

"विमान पडायला लागलं तर मी कुठे उठून जाणार?"

"निनाद, मी गंमत करत नाहीये."

तर असा मी वाढलेल्या ताटासमोर हात आवरून बसलो होतो, आणि तेवढ्यात आबांच्या पुढच्या खुर्चीची पाठ सावकाश मागे आली. ती आबांच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबली.

आबांचं पोट भरदार होतं. त्यांनी टेबलाची कडी फिरवली. टेबल अर्धवट खाली आला, पोटावर टेकला आणि उतारासारखा तिरका राहिला. त्यांनी तो बंद केला, श्वास आत ओढला आणि पुन्हा उघडून पाहिला. तसाच तिरका.

"यावर ताट ठेवलं तर रस्सा थेट धोतरावर," माई म्हणाल्या.

"विजार घातलीये मी."

"मग विजारीवर."

आबांनी स्वतःच्या खुर्चीचं बटण दाबलं. पाठ हलली नाही. आमच्या मागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे स्वच्छतागृह. शेवटच्या रांगेच्या पाठी मागे जात नाहीत.

"आबा, तुम्ही माझ्या जागेवर या," मी म्हणालो. "माझ्या पुढची खुर्ची सरळ आहे. मी मध्ये बसतो."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना कुणाच्या पानातलं उचलून खायला सांगितलं होतं.

"तुमच्यापुढं पान वाढलंय. वाढल्या पानावरून माणूस उठवून मी तिथं बसू?"

"मी अजून एक घासही घेतलेला नाही."

"पान वाढलं म्हणजे माणूस बसला. बसा."

मी बसलो. हवाईसुंदरी जवळून जात होती, तिला मी अडचण सांगितली. तिने पुढच्या माणसाला नम्रपणे विचारलं. तो चाळिशीतला, गळ्यात उशी अडकवलेला गृहस्थ होता. त्याने मान वळवली आणि तो शुद्ध पुणेरी मराठीत माझ्याशीच बोलला.

"अहो, मला काय हौस आहे का? माझ्या पुढचा माझ्या अंगावर आलाय. तो सरळ झाला की मी झालो."

"हम रिक्वेस्ट कर सकते हैं, सर, ज़बरदस्ती नहीं," असं मला सांगून हवाईसुंदरी गाडीची तयारी करायला निघून गेली.

मी पुढे डोकावून पाहिलं. आबांच्या बरोबर पुढच्या सगळ्या खुर्च्या थेट पुढच्या भिंतीपर्यंत सारख्याच कलल्या होत्या. मला ते फार आवडलं. परीक्षा वगैरे क्षणभर विसरूनच गेलो.

"आबा, हे बघा. पहिल्याने पाठ मागे टाकली की दुसऱ्याची जागा जाते. दुसरा स्वतःची पाठ मागे टाकतो आणि गेलेली जागा तिसऱ्याकडून वसूल करतो. तिसरा चौथ्याकडून. मधल्या कुणाचंच काही नुकसान होत नाही. सगळं नुकसान ढकलत ढकलत ज्याच्या मागे भिंत आहे, त्याच्यापाशी येऊन साठतं."

"म्हणजे माझ्यापाशी."

"हो."

आबांनी मान डोलावली. "काट्यावर असंच व्हायचं. पुढचा गाडीवान चहा प्यायला थांबला, की मागच्याचा ऊस वाळायचा. आणि मागचा भांडायचा कुणाशी, तर त्याच्या लगेच पुढच्याशी. त्या बिचाऱ्याचा काही संबंध नसायचा."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी रांगेच्या तोंडाशी जायचो. तोंडाशी गेल्याशिवाय रांग हलत नाही."

एवढं बोलून त्यांनी मधल्या वाटेकडे पाहिलं. त्यांना जाता येणार नव्हतं. मधल्या खुर्चीतून बाहेर पडायचं म्हणजे मला उठवावं लागणार, आणि ते मला उठवणार नव्हते. त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि म्हणाले, "असू दे. मी ताट हातात धरून जेवेन. आपला काय हट्ट नाही."

दूर, विमानाच्या पुढच्या टोकाला पडद्याआड गाडीची चाकं वाजली.

मी किती वेळ विचार केला ते सांगता येणार नाही. एकीकडे इंद्रायणीचा आवाज होता, पानावरून उठायचं नाही. दुसरीकडे तो तिरका टेबल. एकदा गाडी वाटेत आली की पुढे जाता येणार नव्हतं. मी ताट उचललं, आबांच्या पोटावरून पलीकडे माईंच्या टेबलावर ठेवलं, माझा टेबल मिटवला आणि उभा राहिलो.

माईंनी ताट सांभाळलं. आबांनी डोळे मिटून घेतले.

मी पुढच्या प्रत्येक रांगेशी थांबलो. उत्तर सगळीकडे एकच होतं, फक्त बोलण्याची तऱ्हा वेगळी. एक आजी म्हणाल्या, त्यांना बटण कुठे असतं तेच माहीत नाही, पुढचा आला तेव्हा त्यांच्या मुलाने करून दिलं. एका जर्मन आजोबांनी आपल्या पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि खांदे उडवले. एका तरुणाने कानातलं काढून विचारलं, "तुम्ही क्रू आहात का?" नाही म्हटल्यावर त्याने कानातलं परत घातलं, पण जाता जाता पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवायला तोही विसरला नाही.

त्याच्या पुढे एक उंच बाई ताठ मानेने बसल्या होत्या. मांडीवर जपमाळ होती. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर त्या मराठीत म्हणाल्या, "मराठी दिसताय. बसा बोलत. मला विमानात झोप येत नाही."

मी उभ्या उभ्याच विचारलं. त्याही तेच म्हणाल्या, "पुढच्याला विचारा. मी निर्मला आहेर, नाशिकची. मी आधी सुरुवात करणाऱ्यांतली नाही."

अखेर मी पहिल्या रांगेपाशी पोचलो. भिंतीसमोरच्या मधल्या खुर्चीत एक मुलगी पाठ मागे टाकून बसली होती, माझ्याच वयाची. तिच्या छातीवर तान्हं बाळ पालथं झोपलं होतं. तिचे डोळे उघडे होते. मी तोंड उघडायच्या आत तिने ओठांवर बोट ठेवलं, आणि मग अगदी हळू आवाजात, जवळजवळ विनवणी केल्यासारखं म्हणाली, "अभी सोया है. दो घंटे से रो रहा था."

मी मान हलवली आणि मागे फिरलो.

रांगेचं तोंड सापडलं होतं आणि त्याला हलवता येत नव्हतं. तिथे काही चूकच नव्हती. आबा इथे आले असते तर त्यांनीही हेच केलं असतं. मी स्वच्छतागृहाची वाट बघत असल्यासारखा तिथे उभा राहिलो आणि पुन्हा पहिल्यापासून विचार केला. गेलेली जागा नाहीशी होणार नाही, ती कुणाला तरी सोसावी लागणार. पण ती शेवटच्यानेच सोसावी असं कुठे आहे? मधल्या कुणीही एकाने ती स्वतःपाशी ठेवून घेतली, मागे ढकलली नाही, तर त्याच्या मागचे सगळे सुटले. फक्त एक माणूस हवा होता, ज्याचा टेबल उघडला नाही तरी चालेल. थोडक्यात, ज्याला जेवायचं नाही असा.

मला त्या उंच बाईंच्या मांडीवरची जपमाळ आठवली आणि मी त्यांच्या रांगेपाशी परत आलो.

"आहेरताई, एक विचारू का? तुमचा आज उपास आहे?"

"संकष्टी आहे ना आज." मग त्या सावध झाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं: बाळ, रांग, शेवटची भिंत, आबांचं पोट. लग्नाचं सांगितलं नाही. त्यांनी ते डोळे बारीक करून ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पाठ सरळ केली, तर माझ्या मागचे सगळे सरळ होणार?"

"त्यांच्याकडे मग कारणच उरत नाही."

"आणि मला पुढच्याची पाठ नाकाला लागणार."

"तुमच्या टेबलाचं काही काम नसेल, तरच."

"मला ताट नकोच आहे." त्यांनी बटण दाबलं आणि खुर्ची सरळ केली. पुढची पाठ खरोखरच त्यांच्या चष्म्याजवळ आली. "घ्या. तुम्ही शिकलेले दिसता, तर माझं एक काम करा. चंद्रोदय कुठला धरायचा? कॅलेंडरमध्ये मुंबईचा दिलाय."

हा प्रश्न मला आजवर कुणीही विचारला नव्हता. मी मनात हिशेब केला. "आपण पश्चिमेला चाललोय. तिथे चंद्र आपल्यापेक्षा बराच उशिरा उगवेल. मुंबईच्या वेळेला तुम्ही जमिनीवर उतरलेल्याही नसाल."

"म्हणजे माझा उपास लांबला."

"हो. विमान जेवढं पश्चिमेला जाईल तेवढा."

"हे आमच्या पुरोहितांनी नाही सांगितलं," त्या म्हणाल्या, पण रागावल्या नव्हत्या. "जा, ती गाडी आली बघा."

मी परतताना प्रत्येक रांगेशी वाकून सांगत गेलो. कानातलं घातलेल्या तरुणाने न बोलता बटण दाबलं. जर्मन आजोबांनी अंगठा दाखवला. आजींची खुर्ची मुलाने सरळ करून दिली. उशीवाले गृहस्थ म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? माझं काही नाही." आणि त्यांची पाठ आबांपासून दूर गेली.

थोड्या वेळाने गाडी आमच्यापर्यंत आलीच. आबांनी टेबल उघडला. तो पोटाला निसटता स्पर्श करून सपाट बसला. त्यांनी कोंबडीचं ताट घेतलं, माईंनी भाताचं. माझं ताट माईंनी परत माझ्यासमोर ठेवलं. गाडी आम्हाला वाढून मागे निघून गेली, आणि आमच्या रांगेत तिघांची पानं वाढलेली असूनही कुणी घास घेत नव्हतं.

"काय झालं पुढं?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. बाळाचं ऐकून ते "हं" म्हणाले. उपासाचं ऐकून त्यांनी स्वतःच्या ताटातल्या कोंबडीकडे पाहिलं.

"आज संकष्टी आहे?"

"तुम्ही कधीपासनं धरायला लागला?" माई म्हणाल्या.

आबांनी तो विषय सोडला. "केळकर, तुम्ही पानावरून उठला."

"हो."

"इंदूनं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. अगदी बजावून सांगितलं होतं."

"मग?"

"तुमचा टेबल उघडत नव्हता," मी म्हणालो.

"मी ताट हातात धरून जेवलो असतो. तसं म्हणालोही होतो. रीत ती रीत. एकानं मोडली की पंगत मोडते." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. हॅम्बुर्गच्या विमानतळावर उभी असलेली इंद्रायणी डोळ्यांपुढे आली.

"अहो," माई म्हणाल्या, "जन्मात कुठल्या लग्नात तुम्ही पहिल्या पंगतीला बसलाय?"

"मी वाढायला असतो."

"मग यांनी काय केलं?"

"यांचं पान मांडलेलं होतं. वाढपी पान मांडून बसत नाही."

"काढला बघा नियम." माईंनी चमचा खाली ठेवला. "पानावरून न उठणारा जावई एक आहे आपल्याला. थोरल्या वैजूच्या लग्नात तुम्हीच कौतुक करत फिरला होता, पोरगा कसा खांबासारखा बसला पानावर म्हणून. खांबासारखाच आहे अजून. गेल्या दिवाळीत वैजू तापानं फणफणली होती, आणि जावईबापू पाटावर बसून 'चटणी राहिली' म्हणत होते. कोण उठलं चटणी वाढायला?"

आबांनी ताटातली लोण्याची वडी सरळ केली.

"कोण उठलं?"

"मी."

"अर्ध्या जेवणातनं. पानावरून."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी आपल्या ताटातली द्राक्षांची वाटी उचलली, माईंच्या वाटीतली द्राक्षं तीत ओतली आणि माझ्याकडे न बघता माझ्या वाटीतलीही.

"ती उपासाची बाई कुठं बसलीये म्हणाला?"

"पुढे, सहा-सात रांगा सोडून."

"उपाशी माणसानं आपल्याला जेवायला बसवलं. तिला असं कोरडं ठेवू नये. फळ चालतं उपासाला." त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "सांडू नका. आणि विचारा, अजून काही पाहिजे का म्हणून. वाढायला गेलं की विचारायचं असतं."

मी पुन्हा ताट उचललं. या वेळी ते आबांनी माझ्या हातातून घेतलं. मी बाहेर पडल्यावर त्यांनी माझा टेबल परत खाली केला आणि ताट त्यावर ठेवलं. मग डबा जरा डावीकडे, पाव उजवीकडे, असं ते नीट मांडून घेतलं.

मी दोन रांगा पुढे गेलो असेन. मागून पाण्याचा जग घेऊन हवाईसुंदरी आली होती. रिकामी खुर्ची आणि न शिवलेलं ताट बघून तिने विचारलं, "यह ट्रे ले जाऊँ, सर?"

"राहने दो, बाई," आबांचा आवाज आला. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचायची सवय असलेला तो आवाज विमानातल्या बऱ्याच लोकांनी ऐकला. "हमारे जावई का ताट है. वो वाढने गया है."

तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे. मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर द्राक्षं नक्की सांडली असती. सावकाश चालत मी आहेरताईंच्या रांगेपाशी पोचलो. पुढची पाठ नाकाशी घेऊन त्या जप करत होत्या. मी वाटी पुढे केली.

"हे काय आणखी?"

"द्राक्षं. उपासाला चालतात. अजून काही हवं का, असंही विचारलंय."

"कुणी?"

"माझ्या सासऱ्यांनी."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. अंगठी नव्हती. "लग्न झालंय तुमचं?"

"नाही अजून."

"मग सासरे कसे झाले?"

"आत्ताच झाले," मी म्हणालो.